पुराचा निरोप शेवटच्या घरापर्यंत: नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या वाड्यांसाठी

ग्रुपवर मेसेज टाकला, निळ्या टिका आल्या, म्हणजे वाडीला कळलं, या समजुतीपायी कोकणात दर पावसाळ्यात कुणीतरी माळ्यावर नाहीतर कौलांवर बसून रात्र काढतं. चूक मेसेज टाकणाऱ्याची नसते. त्याच्या हातात आलेला निरोपच वाडीसाठी लिहिलेला नसतो, आणि तो पुढे कुणी, कुणाला, किती वाजेपर्यंत सांगायचा हे कधी ठरलेलंच नसतं.

पुढच्या पायऱ्या सरपंच, पोलीस पाटील, आशाताई आणि वाडीच्या मंडळातल्या मुलांसाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेक गावं आधी भोंगा विकत घेतात आणि मग तो कधी वाजवायचा याचा विचार करतात. भोंगा सहाव्या पायरीवर येतो, त्याआधीची पाच कामं जवळजवळ बिनपैशाची आहेत.

१. पाण्याच्या खुणा (वैशाखात, नदी आटलेली असताना)

वाडीतली दोन-तीन जुनी माणसं सोबत घ्या आणि नदीच्या काठापासून वर चालत या. २००५ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं, २०२१ च्या २२ जुलैला कुठवर, हे प्रत्येक घराशी विचारा. तोंडी नको, हात लावून दाखवायला सांगा. "इथवर" म्हणताना माणूस कंबरेला हात लावतो, भिंतीला लावायला सांगितलं की तोच हात वीतभर खाली-वर होतो. दोन शेजाऱ्यांचं जुळलं की ऑइल पेंटने रेघ मारा आणि साल लिहा.

आता महत्त्वाचं. घरात पाणी कधी शिरतं ही पहिली खूण नाही. वाट कधी बंद होते, ती पहिली खूण. कोकणातल्या कितीतरी वाड्यांत उंबरा भिजायच्या दोन-तीन तास आधी साकव (ओढ्या-नदीवरचा पायी जायचा छोटा पूल) पाण्याखाली जातो, नाहीतर मळ्यातली पाणंद बुडते. घर कोरडं असतं, माणूस निवांत असतो, पण बाहेर पडायला वाट नसते. म्हणून तीन रेघा मारायच्या:

पिवळी: साकवाच्या खांबावर, लाद्यांच्या दोन हात खाली. पाणी इथे आलं की म्हातारी माणसं, बाळंतिणी, लहान मुलं निघतात.

केशरी: साकवाच्या लाद्यांच्या एक हात खाली. सगळे निघतात.

लाल: लाद्यांना पाणी लागलं. इथून पुढे कुणी साकव ओलांडायचा नाही, आहे त्या बाजूच्या उंच जागेवर जायचं.

शेवटच्या रेघेवर वाद होतो. "आम्ही दोरी धरून जातो" म्हणणारा एक तरी निघतोच. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. तो दगडी पूल होता. साकवाची काय कथा!

तपासा: रेघा रात्री बॅटरीच्या उजेडात काठावरून दिसतात का? दिसत नसतील तर अंधारात चकाकणारी पट्टी चिकटवा.

थांबा: नदीच्या सरकारी पातळ्या आपल्या रेघांशी परस्पर जोडू नका. रायगडच्या रोजच्या तक्त्यात सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर असते आणि कुंडलिकेची २३.९५. कुंडलिका काही चौपट खोल नाही. दोन्हींचा शून्य वेगळ्या ठिकाणी धरलेला आहे, एवढंच. आकडा नुसता पुढे ढकलला की लोक एकतर घाबरतात नाहीतर हसतात. दोन पावसाळे वहीत लिहा: वरच्या पुलावर अमुक पातळी होती तेव्हा आपल्या साकवावर पाणी कुठे होतं आणि ते किती वेळाने आलं. ही नोंद तालुक्यातल्या कुणाकडेही नसते, ती तुम्हालाच करावी लागते.

२. घरांची वही

मतदारयादी घेऊन बसू नका. तिच्यात मुंबईला असलेला माणूस असतो आणि भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार नसतो. दारोदार जा आणि प्रत्येक घरापुढे चार गोष्टी लिहा: रात्री झोपायला किती माणसं असतात, त्यातलं कोण स्वतःच्या पायाने चालू शकत नाही, फोन कुणाच्या हातात असतो, कुठलं शेजारघर हाक मारणार.

फोनचा प्रश्न नीट विचारा. "फोन आहे का" म्हटलं की सगळे हो म्हणतात. एका खाडीकाठच्या वाडीत आमच्या यादीत एका आजींच्या घरापुढे नंबर होता, निरोप गेला, वाचलाही गेला. वाचणारी सून त्या दिवशी परळला बहिणीकडे होती. तिला सासूला लगेच कळवायचं होतं, पण घरात दुसरा फोनच नव्हता. आजींना शेवटी बोलावून आणलं ते गोठ्याशी उजेड बघून एका मुलाने. तेव्हापासून मी नंबर विचारत नाही. "आत्ता लावतो, वाजतो का बघू" म्हणतो.

वहीतून हमखास सुटणारी माणसं: नदीकाठी भाड्याने राहणारे कारखान्यांतले परप्रांतीय कामगार (त्यांना निरोप हिंदीतून द्यावा लागतो), गावाबाहेरची कातकरी वस्ती, बागेतला राखणदार, रात्री पंपावर किंवा कोळंबीच्या तळ्यावर झोपणारे, आणि कानाने कमी ऐकणारे. या शेवटच्यांसाठी भोंगा, फोन, हाक काहीच चालत नाही. दार वाजवूनही भागत नाही, आत जाऊन हलवून उठवणारा माणूस नावानिशी ठरवा.

कुलूपबंद घरांच्या किल्ल्या कुणाकडे, हेही लिहून ठेवा. चाकरमान्यांची वरच्या अंगाची घरं निवाऱ्याला कामी येतात. परवानगी मे महिन्यातच मागा. गणपतीत विचारून उपयोग नाही.

३. तीन माणसं, तीन कामं

ऐकणारा, ठरवणारा, सांगणारे. तिन्ही कामं एकाच माणसाकडे असतील तर तो आजारी पडला की वाडी बहिरी होते. म्हणून प्रत्येकाचा एक बदली माणूस असायलाच हवा.

ऐकणाऱ्याने तीन ठिकाणी कान ठेवायचा. हवामान विभागाचा जिल्ह्याचा अंदाज, दर तीन तासांचा तात्काळ इशारा, आणि तालुक्याचा नियंत्रण कक्ष (जिल्ह्याचा क्रमांक १०७७). पण या तिन्हींपेक्षा उपयोगी पडतो तो चौथा: नदीच्या वरच्या अंगाला राहणारा एक ओळखीचा माणूस. सावित्री महाबळेश्वरच्या कड्यांवरून उतरते. २०२१ च्या २२ जुलैला सकाळपासून पुढच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाडला आभाळ कसं आहे यावर महाडचा पूर ठरत नाही. चिपळूणच्या वाशिष्ठीकाठी राहत असाल तर कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं हे लक्षात ठेवा. अलोरे-पोफळीकडचा एखादा नातेवाईक, दुकानदार, एसटीचा कंडक्टर गाठा. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच त्याला सांगून ठेवा: "मोठा पाऊस लागला की दर दोन तासांनी फोन करीन, कंटाळू नका." गणपतीत त्याला मोदकाचा डबा पाठवा. थट्टा नाही, असे संबंध असेच टिकतात.

ठरवणाऱ्यासाठी एकच नियम: पिवळ्या रेघेला पाणी लागलं की वरून आदेशाची वाट पाहायची नाही. तहसीलदारांना कळवायचं, पण विचारत बसायचं नाही. हे ग्रामसभेत ठराव करून लिहून घ्या, म्हणजे "कुणाला विचारून वाजवलंत?" हा दुसऱ्या दिवशीचा प्रश्न उरत नाही.

सांगणाऱ्यांना दहा घरांमागे एक जोडी. जोडी, एकटा नाही.

थांबा: रंगांचा अर्थ वाडीत चुकीचा पसरलाय. पिवळा, केशरी, लाल हे हवामान विभागाचे रंग जिल्ह्यासाठी असतात, तुमच्या पऱ्यासाठी (ओढ्यासाठी) नाहीत. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला तिथे अत्यंत मुसळधार म्हणतात. महसूल खात्याची अतिवृष्टी मात्र ६५ मिलिमीटरलाच सुरू होते, आणि तेवढा पाऊस कोकणात आषाढातल्या साध्या दिवशी पडतो. म्हणून "अतिवृष्टीचा इशारा" हा शब्द ऐकून इथे कुणी भाताची लावणी टाकून उठत नाही. आणखी एक: सकाळी जाहीर होणारा पावसाचा आकडा आदल्या सकाळी साडेआठपासून त्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. तो "आज किती पडणार" म्हणून पुढे पाठवू नका.

४. भरतीची वेळ

नदीला पाणी आलंय आणि खाडीला भरती आहे, तर पुराला बाहेर पडायला जागा नाही. त्यामुळे प्रत्येक निरोपात भरतीची वेळ हवीच.

जुन्या दर्यावर्दींचा हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती साधारण दीडला. चतुर्थीला तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. एकदा दिवसा, एकदा रात्री. रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. या हिशोबात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. बिनचूक वेळ बंदराच्या भरतीच्या कोष्टकात मिळते, पण नेट गेलेल्या रात्री भिंतीवरचं कॅलेंडर तुमच्याजवळ असतं.

ही वेळ समुद्राच्या तोंडाची. खाडीत जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा येते. किती उशिरा, हे तरीवाल्याला नाहीतर रेतीच्या होडीवर काम केलेल्याला विचारा आणि वहीत मांडा. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं. २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती.

तपासा: जून ते सप्टेंबरचे उधाणाचे दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केले का? एक प्रत देवळात, एक शाळेत लावा.

५. निरोपाचे शब्द

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून बघू. तालुक्यावरून साधारण असा मजकूर येतो:

"सर्व नागरिकांना कळविण्यात येते की, हवामान विभागाने जिल्ह्यास रेड अलर्ट जारी केला असून अतिमुसळधार पर्जन्यवृष्टीची शक्यता वर्तविली आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे."

यात चूक काही नाही. पण हा वाचून माणसाने उठून काय करायचं? सतर्क राहायचं. म्हणजे खिडकीतून बघत बसायचं. आणि "नदीकाठचे" म्हणजे कोण? प्रत्येकाला वाटतं आपल्यापेक्षा खाली राहतो तो.

हाच निरोप वाडीसाठी असा लिहा:

"खालच्या वाडीला. बुधवार, दुपारी ३ चा निरोप. वरच्या पुलावर सकाळपासून पाणी दोन हात चढलंय, वर पाऊस चालू आहे. रात्री साडेदहाला भरती. रात्री साकव बुडेल असं धरून चाला. देवळाखालच्या सात घरांनी संध्याकाळी ६ च्या आत शाळेत यायचं. गुरं सोडून द्या. औषधं, कागद, बॅटरी सोबत. पुढचा निरोप ५ वाजता. पोलीस पाटील."

कुणासाठी, कधीचा, काय दिसलंय, काय होईल, कुणी काय करायचं, किती वाजेपर्यंत, पुढचा निरोप कधी, कोण सांगतंय. या आठांतलं एक जरी गळलं तरी फोन सुरू होतात आणि तुमचा वेळ उत्तरं देण्यात जातो. वार आणि वेळ तर कधीच गाळू नका. वेळ नसलेला निरोप तीन दिवसांनी पुण्याच्या काकांकडून परत येतो आणि कोरड्या दिवशी वाडी घाबरते. पुढच्या खऱ्या निरोपावर मग कुणी विश्वास ठेवत नाही.

लिहून झालं की तोच बोलून रेकॉर्ड करून पाठवा, वाडीत बोलतात तशा बोलीत. म्हाताऱ्या माणसांना ओळखीचा आवाज कळतो, वाचलेलं कळतंच असं नाही. "शक्यता आहे", "वर्तविली आहे" ही भाषा बोलताना आपोआप गळून पडते.

आणि उत्तर मागा. "मिळाला" नको, अंगठाही नको. "निघालो" आणि किती माणसं. वहीत घरापुढे टिक तेव्हाच मारायची. साडेपाचला ज्या घरांपुढे टिक नाही तिथे जोडी चालत जाते.

दारात गेल्यावर काय ऐकायला मिळतं तेही सांगतो. "माझ्या उंबऱ्याला कधी पानी लागला नाय. दोन हजार पाचला पन नाय." वाद घालू नका. काकींचं म्हणणं खरं असतं. "काकी, उंबऱ्याचं र्‍हाऊ दे, साकव बुडला तर रात्री तुमचं औषध कोण आणील?" एवढं म्हणा आणि पिशवी उचला. पिशवी तुमच्या हातात गेली की माणूस मागे येतो.

६. भोंगा

२०२१ च्या पुरात चिपळूण-महाडकडे वीज गेली आणि मोबाइलचे टॉवरही बंद पडले. त्या वेळी उरतो तो आवाज. हाताने फिरवायचा भोंगा सगळ्यात भरवशाचा, त्याला वीज लागत नाही. बॅटरीवरचा मेगाफोन दुसरा. देवळाचा आणि मशिदीचा कर्णा असेल तर दोन्हीकडे बॅटरीची सोय आहे का बघा. दोन्ही ठिकाणच्या मंडळींना वैशाखातल्या बैठकीलाच बोलवा.

खुणा दोनच ठेवा. थांबून थांबून तीनदा: तयारी, सांगणाऱ्यांनी बाहेर पडायचं. सलग, न थांबता: निघा. "धोका टळला"साठी तिसरा आवाज ठेवू नका, मध्यरात्री कोण मोजतं? ते तोंडी सांगा. देवळाची घंटा इशाऱ्याला वापरणार असाल तर आरतीपेक्षा वेगळी वाजली पाहिजे.

रंगीत तालीम जूनच्या आधी एकदा, तीही पाऊस पडत असताना मिळाली तर उत्तम. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की शंभर पावलांवरचा भोंगा ऐकू येत नाही, हे कोरड्या दिवशी कळत नाही. ज्या घराला ऐकू आलं नाही तिथे जोडी जाणार, हे वहीत मांडा.

७. निघायची वेळ

अंधाराआधी ठरवा. चिपळुणात २१ जुलैच्या रात्री पाऊस कोसळत होता आणि लोक पहाटे उठले ते पाण्यात. दुपारी चारला आकडे धूसर असतील आणि रात्री भरती असेल, तर खालची घरं सहाच्या आत हलवायची. पाणी नाही आलं तर एक रात्र शाळेत झोपलो, एवढंच.

निवाऱ्याची जागा आधी जाऊन बघा. किल्ली कुणाकडे? एका गावात शाळेची किल्ली गुरुजींकडे आणि गुरुजी तालुक्याला, म्हणून बाया-मुलं तासभर व्हरांड्यात भिजत उभी होती. दुसरी किल्ली वाडीत ठेवा. शाळा डोंगराच्या पायथ्याशी, कापलेल्या दरडीखाली असेल तर ती निवारा नाही. महाडला पाणी भरलं त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं. पुरातून माणसं काढायची आणि दरडीखाली नेऊन ठेवायची, असं होऊ देऊ नका. घरामागच्या उतारावर नवी भेग, तिरकी झालेली झाडं, झऱ्याला अचानक गढूळ पाणी, यातलं काही दिसलं तर त्या बाजूची घरंसुद्धा यादीत घ्या.

घर सोडताना: मेन स्विच बंद, सिलिंडरचा नॉब बंद, रेशनकार्ड-आधार-सातबारा-बँकेचं पुस्तक झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, तांदूळ माळ्यावर. गुरांची दावी सोडा किंवा कापा. बांधलेली म्हैस जागच्या जागी मरते, सोडलेली बहुतेकदा स्वतः कातळावर चढते. गुरांसाठीच माणसं मागे राहतात, त्यामुळे हे काम माणसांच्या आधी उरका, नंतर नाही.

थांबा: निवाऱ्यात पोचल्यावर डोकी मोजा, वहीशी जुळवा. "तो मागून येतोय" असं सांगितलेला माणूस पोचला नाही असं धरा.

८. पाणी ओसरताना

पाणी उतरायला लागलं की लोक लगेच घर बघायला धावतात. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी असते आणि वर पाऊस चालूच असेल तर पाणी पुन्हा चढतं. घरी परतायचा निरोप ठरवणाऱ्यानेच द्यायचा, वरच्या अंगाच्या माणसाला फोन करून आणि भरतीची वेळ बघून. आधी दोन माणसं काठी घेऊन जातात, चुलीपाशी, लाकडांत, अंथरुणात साप असतो. भिजलेल्या वायरिंगला वायरमनने बघितल्याशिवाय वीज नाही. विहिरीत ब्लीचिंग पावडर पडेपर्यंत पाणी उकळून. चिखलात पायाला जखम असलेला माणूस उतरला असेल तर आशाताईंना सांगा, लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिसची) प्रतिबंधक गोळी त्यांच्या सल्ल्याने.

पाणी आलंच नाही तर? दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक चिडलेले असतानाच, दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवा. काय दिसलं होतं, कशावरून ठरवलं, कुठे थांबलं, सरळ सांगा. माफी मागू नका आणि बढाईही नको. चहा मंडळाकडून.

पाणी आलं असेल तर त्याच दिवशी रंगाचा डबा घेऊन फिरा. भिंतीवर चिखलाची रेघ असते ती दोन दिवसांत घर धुतलं की जाते, मग पुन्हा "इथवर" म्हणून हात कंबरेला लागतो.